पोरींचं कॉमिक म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा. पण अर्धी वाचून खाली कमेंट टाकू नका, ही हात जोडून विनंती.

‘पाव मिळत नसेल तर केक खा.’ हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्या तालुक्यात सापडणार नाही. कांद्याचा भाव पडला की विरोधक हे वाक्य बोलतात, गॅस महागला की तेच सत्ताधारी विरोधकांच्या जुन्या राज्याबद्दल बोलतात. फ्रान्सची राणी मेरी आंत्वानेत असं म्हणाली आणि म्हणून तिचं मुंडकं उडवलं, असा आपला सगळ्यांचा इतिहास. पण ती असं म्हणाल्याचा पुरावाच नाही. हा किस्सा रूसोच्या आत्मचरित्रात आहे, आणि तोही ‘एका थोर राजकन्येचा’ म्हणून, नाव न घेता. तो भाग त्याने लिहिला 1767 च्या आसपास. तेव्हा ही मुलगी अकरा-बारा वर्षांची होती आणि ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या राजवाड्यात खेळत होती. फ्रान्समध्ये ती आली 1770 मध्ये, चौदा वर्षांची नवरी होऊन. मूळ वाक्यात केकही नाही, ब्रिऑश नावाचा लोणी-अंड्याचा पाव आहे. म्हणजे वाक्य तिचं नाही, पदार्थही तो नाही, तरी अडीचशे वर्षं फॉरवर्ड चालूच आहे.

हे सांगायचं कारण असं की गेले काही दिवस एक सूर फार ऐकू येतोय. आजकालच्या पोरी इतिहास वाचत नाहीत, जपानी कार्टूनं वाचतात, मोठ्या डोळ्यांच्या बाहुल्या बघत बसतात. बोलणारे सगळे आदरणीय लोक आहेत. काही माझे काका-मामा आहेत, काही निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्या वयाचा मान ठेवून सांगते, मंडळी, तुम्ही ज्याला कार्टून म्हणताय त्यातलं एक तरी उघडून बघा. मी ज्याबद्दल बोलतेय त्याचं नाव ‘बेरुसायु नो बारा’, म्हणजे व्हर्सायचा गुलाब. लेखिका आणि चित्रकार रियोको इकेदा. 1972 च्या मे महिन्यात ‘मार्गारेट’ नावाच्या मुलींच्या साप्ताहिकात सुरू झालं आणि 1973 मध्ये संपलं. फ्रेंच राज्यक्रांती शाळेत आपल्याला तीन शब्दांत शिकवली, स्वातंत्र्य, समता, बंधुता, आणि खाली दोन मार्कांचा प्रश्न. (जाता जाता, हे तीन शब्द आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतले, असं बाबासाहेबांनी 1954 मध्ये आकाशवाणीवरच्या भाषणात स्वच्छ सांगितलं होतं. ते तरी कुठे कुणाच्या लक्षात आहे.) जपानमधल्या बारा-चौदा वर्षांच्या मुली मात्र ती क्रांती दर आठवड्याला, पुढच्या अंकाची वाट बघत शिकल्या.

आधी ही इकेदा बाई कोण ते बघा. जन्म 1947, ओसाका. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकायला गेली आणि तिथे जपानच्या कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघटनेत शिरली. तो काळ जपानी विद्यार्थी आंदोलनाचा. अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध रस्ते भरून मोर्चे, पोलिसांच्या ढाली, विद्यापीठांना कुलपं. आणि त्या सगळ्याचा शेवट फार वाईट झाला. 1972 च्या फेब्रुवारीत असामा डोंगराजवळच्या एका बंगल्यात संयुक्त लाल सेनेच्या पोरांनी एका बाईला ओलीस धरलं, दहा दिवस वेढा चालला, देशभर टीव्हीवर थेट दिसला. नंतर कळलं की त्या लोकांनी आधीच डोंगरात आपल्याच डझनभर साथीदारांना ‘आत्मपरीक्षणा’च्या नावाखाली मारून टाकलं होतं. क्रांती या शब्दाची लोकांना किळस यावी अशी ती वेळ. त्यानंतर तीन महिन्यांत चोवीस वर्षांची ही मुलगी शाळकरी मुलींच्या साप्ताहिकात क्रांतीची गोष्ट सुरू करते. ‘बाहुल्यांची गोष्ट’ म्हणणाऱ्यांनी ही तारीख जरा डोळ्यांसमोर ठेवावी.

संपादकांना ती गोष्ट नकोच होती. बायका-पोरींना इतिहास कळत नाही, त्यांना शाळेतलं प्रेमप्रकरण द्या, हे त्यांचं ठाम मत. इकेदाने कॉलेजात जायच्या आधीच स्टेफान त्स्वाइगने लिहिलेलं मेरी आंत्वानेतचं चरित्र वाचलं होतं. 1932 चं पुस्तक. त्यात त्स्वाइग म्हणतो की ही बाई राक्षसीण नव्हती आणि देवीही नव्हती, एक साधारण बाई होती, जिला परिस्थितीने असाधारण जागी नेऊन उभं केलं. हे इकेदाच्या डोक्यात बसलं होतं. तिने संपादकांना सांगितलं, चालली नाही तर लगेच बंद करा. या अटीवर गोष्ट छापायला घेतली गेली.

पैशांचंही ऐका. त्या काळात बाई चित्रकाराला मानधन पुरुषाच्या निम्मं होतं, हे इकेदाने पुढे मुलाखतींमधून सांगितलंय. कारण काय, तर पुरुषाला घर चालवायचं असतं आणि बाईला पुढेमागे नवरा पोसणारच असतो. हे वाचलं आणि मी थांबले, कारण हेच कारण मी मराठीत ऐकलंय. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी पहिल्यांदा ज्या दैनिकात रुजू झाले (नाव घेत नाही, आता त्याने काही होणार नाही) तिथे माझ्याबरोबर लागलेल्या मुलाला माझ्यापेक्षा पगार जास्त होता. विचारलं तर उत्तर आलं, त्याच्यावर जबाबदारी आहे. आणि बीट कोणती? त्याला झेडपी आणि पोलीस स्टेशन, मला महिला पान. हळदीकुंकू, पाककृती स्पर्धा, मंगळागौर. जपानमध्ये तर लग्न झालं की मुलीने नोकरी सोडायची हा काही कंपन्यांचा लेखी नियमच होता. सुमितोमो सिमेंट कंपनीतल्या एका बाईने त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि 1966 मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. कंपन्यांत समान संधीचा कायदा यायला 1985 उजाडलं. या दोन तारखांच्या मध्ये ही चित्रकथा येते.

आता गोष्ट. ती सुरू होते 1755 मध्ये, तीन जन्मांनी. ऑस्ट्रियात मेरी आंत्वानेत, स्वीडनमध्ये फेर्सेन नावाचा उमराव, जो पुढे तिच्या आयुष्यात येतो, आणि फ्रान्समध्ये जार्जे नावाच्या सेनापतीच्या घरी सहावी मुलगी. पहिले दोघं इतिहासातले, तिसरी काल्पनिक. सेनापतीला मुलगाच हवा होता. तो त्या तान्ह्या पोरीचं नाव ऑस्कर ठेवतो आणि जाहीर करतो की हा माझा मुलगा. तलवार, घोडा, पिस्तूल, गणवेश. चौदाव्या वर्षी ती राजरक्षक दलात अधिकारी होते आणि नव्याने आलेल्या युवराज्ञीच्या संरक्षणाला लागते.

इथे आपल्याकडचे लोक खूश होतात. वा, मर्दानी! आपल्याला हे फार आवडतं. ‘मुलगी नाही हो, आमचा मुलगाच आहे ती’, हे वाक्य मी सत्कार समारंभात किती वेळा लिहून घेतलंय. दहावीला पहिली आलेली, पोलीस भरतीत निवड झालेली, बापाचं ट्रॅक्टर चालवणारी, सगळ्यांच्या बापांनी हेच वाक्य बोलायचं आणि आम्ही त्याचा मथळा करायचा. इकेदाने या वाक्याची जी चिरफाड केली आहे ती मला आपल्या भल्याभल्या सामाजिक कादंबऱ्यांत दिसली नाही. कारण ऑस्करला मुलगा कुणी केलं? बापाने, स्वतःच्या वारशाच्या गरजेपोटी. तिला विचारलं नाही. आणि देशात गडबड वाढायला लागली, पोरगी मरेल अशी भीती वाटली, तेव्हा तोच बाप तिला परत ‘मुलगी’ करायला निघतो. स्थळं बघतो, घरात मेजवानी ठेवतो. घडवायचं त्यानेच, मोडायचंही त्यानेच. ती त्या मेजवानीला गणवेश घालून हजर होते. त्या क्षणापासून गणवेश बापाने चढवलेला राहत नाही, तो तिचा होतो. एवढा बारीक फरक बारा वर्षांच्या वाचकाला समजेल असा मांडलाय, एकही भाषण न ठोकता.

तिच्याआधी अशी पात्रं नव्हती असं नाही. तेझुकाने 1953 मध्येच मुलाचं हृदय घेऊन जन्मलेल्या राजकन्येची गोष्ट काढली होती. पण त्या काळी मुलींची चित्रकथा बहुतेक पुरुषच काढत. साठच्या दशकाच्या शेवटी मुलींच्या मासिकांत मुलीच काढायला लागल्या आणि सगळं बदललं. मोठे डोळे, डोळ्यांत चांदण्या, पानभर गुलाब, चौकटी मोडून वाहणारे केस, याची तुम्ही टिंगल करता ना? ती एक भाषा आहे. मनातलं चौकटीत मावत नाही म्हणून चौकट मोडलेली आहे. आपल्या नाटकात स्वगत चालतं, तमाशात गवळण चालते, मग पानावर गुलाब का खुपतो?

आता दरबार. लोक म्हणतात दरबार म्हणजे दागदागिने आणि झगे. अहो, दरबाराचं राजकारण जितकं या पुस्तकात कळतं तितकं मला पंचायत समिती कव्हर करूनही कळायला वेळ लागला. चौदा वर्षांची नवरी व्हर्सायला येते. सासऱ्याच्या जागी आजेसासरे, राजा पंधरावा लुई, आणि त्याची ठेवलेली बाई मादाम द्यू बारी. दरबाराचा नियम असा की वरच्या दर्जाच्या बाईने आधी बोलायचं, खालचीने वाट बघायची. युवराज्ञी बोलायला तयार नाही. द्यू बारी चडफडतेय. सगळा राजवाडा दोन तटांत वाटला गेला. ऑस्ट्रियाहून आई मारिया थेरेसा पत्रांवर पत्रं पाठवतेय की बोल बाई एकदा, पोलंडच्या वाटणीचा मामला नाजूक आहे. शेवटी 1772 च्या नववर्षाच्या दिवशी ती एक वाक्य टाकते, आज व्हर्सायमध्ये गर्दी फार आहे, अशा अर्थाचं. झालं, युरोपातलं संकट टळलं. आपल्याकडे सभापतीच्या शेजारी कुणाची खुर्ची यावरून महिनाभर बैठक होत नाही. त्यातलाच प्रकार, फक्त झुंबरं जास्त.

आणि हिऱ्यांच्या हाराचं प्रकरण. माझ्या मते पत्रकारितेच्या प्रत्येक वर्गात हे शिकवायला हवं. पंधराव्या लुईने द्यू बारीसाठी बनवायला सांगितलेला हार, किंमत सुमारे 16 लाख लिव्र. राजा मेला, हार सराफांच्या गळ्यात पडला. त्यांनी तो मेरी आंत्वानेतला दाखवला, तिने घेतला नाही. मग जान द ला मोत नावाच्या एका चलाख बाईने कार्डिनल रोआनला पटवलं की राणीला हार गुपचूप हवाय. खोटी पत्रं, खोटी सही, अंधाऱ्या बागेत राणीसारखी दिसणारी एक बाई उभी केली, आणि हार गायब. 1785 मध्ये भांडं फुटलं. खटल्यात कार्डिनल निर्दोष सुटला, जानला डाग दिला आणि तुरुंगात टाकलं, ती तिथून पळून लंडनला गेली आणि राणीविरुद्ध आठवणी छापायला लागली.

यात राणीने काय केलं होतं? काहीच नाही. तरी लोकांनी विश्वास ठेवला तो तिच्याविरुद्धच्या गोष्टीवर. कारण त्याआधी दहा-पंधरा वर्षं घाणेरडी पत्रकं वाटली जात होती. लग्नानंतर सात वर्षं संबंध नाही, मग मूल कुणाचं, मैत्रिणींशी काय चालतं, सगळं चित्रांसकट. ही पत्रकं छापणारे सगळे गरिबांचे कैवारी होते असं समजू नका, त्यातली बरीच दरबारातल्याच हितशत्रूंच्या पैशांवर चालत. आणि शेवट कुठवर गेला? 1793 मध्ये खटल्यात एबेर नावाच्या माणसाने, जो स्वतः वर्तमानपत्र चालवायचा, म्हणजे आमच्याच धंद्यातला, तिच्यावर स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाशी दुराचार केल्याचा आरोप केला. तिथे बसलेल्या बायकांकडे वळून तिने सगळ्या आयांना साद घातली. 16 ऑक्टोबर 1793 ला तिला मारलं. राणी म्हणून तिच्यावर आरोप करण्यासारखं भरपूर होतं. उधळपट्टी, पोलिन्याकसारख्या लाडक्यांवर पैशांची खैरात, परकी फौज बोलावण्याचे डाव. हे सगळे राजकीय गुन्हे समोर असताना बाईला पाडायचं तर चारित्र्यावरूनच पाडायचं, ही रीत. आपल्या नगरपालिकेच्या गेल्या निवडणुकीत एका महिला उमेदवाराबद्दल काय काय फिरलं होतं ते मी इथे लिहीत नाही. तुम्हा सगळ्यांच्या फोनमध्ये आलं होतं.

इकेदाचं मोठेपण इथे की ती राणीची वकिली करून थांबत नाही. राणीचं एकटेपण दाखवते आणि त्याच अंकात पॅरिसची उपासमारही. एक प्रसंग आहे. ऑस्कर रोझालीच्या घरी जाते. रोझाली म्हणजे पॅरिसच्या गरीब वस्तीतली मुलगी. तिथे तिच्यापुढे पातळ सूप येतं, त्यात भाजीचे दोन-चार तुकडे. यापलीकडे घरात काही नाही. आयुष्यभर गरिबांबद्दल सहानुभूती बाळगणारी ही उमरावाची पोरगी त्या वाडग्याकडे बघते आणि तिला कळतं की आपण काहीच बघितलेलं नव्हतं. हे बाजारभावात सांगते. 1789 च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव साडेचौदा सू झाला होता. एरवी आठ-नऊ सू असायचा. मजुराची दिवसाची कमाई 20 ते 30 सू. म्हणजे निम्मी मजुरी पावातच. त्या हाराच्या किमतीत असे बावीस लाख पाव आले असते, हिशोब करून बघा, एका लिव्रचे वीस सू.

मग ऑस्कर राजरक्षक दल सोडते आणि फ्रेंच गार्ड्समध्ये बदली मागते. तिथे साधे शिपाई. बाईचा हुकूम ऐकणार नाही म्हणून बंड करणारे. त्यातला एक जण सरकारी बंदूक विकतो, घरी खायला नाही म्हणून. हळूहळू ती त्यांची होते आणि ते तिचे. तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींना सभागृहातून हाकलून काढायचा हुकूम येतो, ती तो पाळत नाही. आणि 14 जुलै 1789 ला, उमरावकी टाकून देऊन, आपल्या तुकडीसह ती बास्तीच्या समोर लोकांच्या बाजूने तोफा लावते. आदल्या दिवशी आंद्रे गेलेला असतो, तिच्या दाईचा नातू, लहानपणापासून तिच्या घरी नोकर, तिच्यावर जीव टाकणारा. त्या दिवशी ती जाते.

‘इतिहासाची मोडतोड!’ असं एका सरांनी मला फोनवर सुनावलं. ऑस्कर खरी नाही, हे लेखिका कुठे नाकारते? पण सेनापती जार्जे खरा होता आणि राणीशी शेवटपर्यंत एकनिष्ठ होता. फ्रेंच गार्ड्स लोकांना मिळाले हे खरं. त्यांच्यातल्या काहींना तुरुंगात टाकलं आणि लोकांनी 30 जूनला ॲबे तुरुंग फोडून त्यांना सोडवलं हेही खरं. 14 जुलैला दुपारी त्याच शिपायांनी तोफा आणल्या म्हणून बास्तीचा तुरुंग पडला. आत कैदी होते फक्त सात. एक काल्पनिक बाई खऱ्या तुकडीच्या पुढे उभी केली, बाकी सगळं जागेवर ठेवलं. आता सर, तुम्हीच सांगा, 1962 मध्ये ‘स्वामी’ आली, दोन पिढ्या रमा-माधवासाठी रडल्या, ते संवाद काय पेशवे दफ्तरात सापडले होते? मीही रडले, चांगलंच झालं. पण पुरुषाने लिहिलेली ऐतिहासिक कादंबरी ती साहित्य, आणि बाईने मुलींसाठी काढलेली चित्रकथा ती मोडतोड, ही दुहेरी मापं कुठून आणलीत?

दुसरी टीका आमच्या पुरोगामी मित्रांची. राजेशाहीचं उदात्तीकरण, गोरी राणी, गोरे उमराव. यात मात्र दम आहे आणि मी तो लपवणार नाही. व्हर्सायचे झगे आणि झुंबरं ज्या पैशावर उभी होती त्यातला मोठा वाटा साँ-दोमेंग, म्हणजे आजच्या हैतीच्या साखर-कॉफीच्या मळ्यांतून यायचा. 1789 मध्ये तिथे पाच लाखांच्या आसपास गुलाम होते. 1791 मध्ये त्यांनी उठाव केला आणि 1 जानेवारी 1804 ला स्वतंत्र देश उभा केला. समतेची सगळ्यात खरी परीक्षा तिथे झाली आणि ती माणसं या गोष्टीच्या मध्यभागी कुठेच नाहीत. राणीवर लेखिकेचा जीवही जरा जास्तच आहे. पण हे ज्या मित्रांना खुपतं त्यांना एक विचारते. तुमच्या क्रांतीच्या व्याख्यानांत 5 ऑक्टोबर 1789 येतो का? त्या दिवशी पॅरिसच्या बाजारातल्या बायका, मासे विकणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, पावसात वीसेक किलोमीटर चालत व्हर्सायला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाराणीला पॅरिसला घेऊन आल्या. ओलँप द गूजने 1791 मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. तिला क्रांतीनेच 1793 च्या नोव्हेंबरात गिलोटिनवर चढवलं आणि त्याच्या चार दिवस आधी बायकांच्या राजकीय क्लबांवर बंदी घातली. हे तुम्ही सांगत नाही आणि मुलींच्या कॉमिककडून सगळ्याची अपेक्षा करता.

शिवाय त्या गोष्टीचा उत्तरार्ध घाईत का उरकला याचं उत्तरही संपादकांकडेच आहे. ऑस्कर मेली आणि जपानमध्ये वाचक मुलींचा आक्रोश झाला. इकेदाला क्रांती शेवटपर्यंत सविस्तर काढायची होती. पण नायिका गेली, आता गोष्ट कोण वाचणार, लवकर आटपा, असं ठरलं. म्हणून ऑक्टोबरचा मोर्चा, राजघराण्याचं 1791 मधलं पलायन, खटले, गिलोटिन, हे सगळं थोड्या अंकांत कोंबावं लागलं. ज्यांनी आधी म्हटलं की मुलींना इतिहास कळत नाही, त्यांनीच नंतर इतिहासाची पानं कापली. यावर कुणी मोडतोड म्हणत नाही.

पुढचं थोडक्यात. 1974 मध्ये ताकाराझुका या फक्त बायकांच्या नाटक कंपनीने ही गोष्ट रंगमंचावर आणली आणि प्रेक्षक कमी होत चाललेल्या त्या कंपनीला नवा जीव मिळाला. तिथे पुरुषाच्या भूमिका बायका करतात, 1914 पासून. बालगंधर्वांच्या शालूची तारीफ करताना आपल्याला कधी विचित्र वाटलं नाही, तेव्हा ऑस्करच्या गणवेशाने दचकायचं कारण नाही. 1979 मध्ये टीव्ही मालिका आली, चाळीस भागांची. 2009 मध्ये फ्रान्स सरकारने इकेदाला लेजियों द’ऑनर दिला. मधल्या काळात बाई सत्तेचाळिसाव्या वर्षी संगीत महाविद्यालयात दाखल होऊन ऑपेरा गायला लागल्या, तो विषय वेगळा. 2025 मध्ये नवा ॲनिमेशन चित्रपट आला, नेटफ्लिक्सवर आहे. गाणी जरा जास्त आहेत, पण सुरुवात म्हणून बघा.

आता गावातलं. आपल्याकडच्या एका शासनमान्य वाचनालयात, जे नाव सांगायची गरज नाही, कॉलेजच्या तीन मुलींनी या पुस्तकाच्या इंग्रजी खंडांची मागणी केली. पाच जाड खंड आहेत. मुलींनी मागणीच्या वहीत रीतसर नोंद केली, लेखकाचं नाव, प्रकाशक, सगळं. वहीत समोर शेरा आला : ‘कार्टून. बालविभागासाठी विचार करू.’ त्या मुलींनी समितीतल्या एका ज्येष्ठांना भेटून सांगायचा प्रयत्न केला की काका, यात फ्रेंच राज्यक्रांती आहे. काका म्हणाले, क्रांतीवर आपल्याकडे पुस्तक आहे. आहे खरं. मी जाऊन बघितलं. आत शेवटचा शिक्का 2011 चा.

त्याच वर्षीच्या खरेदी यादीत काय आलंय तेही मी बघितलं. सभासदाला यादी बघता येते, मागा, देतात. यशस्वी कसे व्हावे प्रकारची पुस्तकं मोजून चौदा. एका स्थानिक नेत्याच्या गौरवग्रंथाच्या सहा प्रती. सहा! त्या गौरवग्रंथाच्या सहा प्रतींना जागा आहे आणि पाच खंडांना नाही, तर प्रश्न कपाटाचा नाही हे उघड आहे. पैशांचाही नाही, कारण मुलींनी निम्मी रक्कम वर्गणीतून द्यायची तयारी दाखवली होती. बालविभागात ठेवायलाही माझा विरोध आहे. त्यात गिलोटिन आहे, खटला आहे. सात वर्षांच्या पोराच्या हातात ते देऊ नका. प्रौढ विभागात ठेवा, इतिहासाच्या कपाटात, जिथे ‘स्वामी’ आहे तिथेच.

समितीची बैठक या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी अकराला आहे. मुली पुन्हा अर्ज देणार आहेत आणि या वेळी सोबत वीस सभासदांच्या सह्या लागतील असं त्यांना सांगण्यात आलंय. बारा झाल्या आहेत. ज्यांची वर्गणी चालू वर्षापर्यंत भरलेली आहे त्यांचीच सही धरतील, म्हणून पावती बघून मगच या. कागद माझ्याकडे आहे, संध्याकाळी सहानंतर घरी असते.